सात थरांखालचं नाक

नगरपालिकेच्या हिशेबी मी अकरा वर्षांचा आहे. प्रत्यक्षात माझं वय सव्वीस असून मला दाढी आहे, नोकरी आहे आणि खाली वाकलो की कंबर धरते. पण सार्वजनिक सभागृहाच्या कारकुनाने माझी नोंद अकरा अशी केली, आणि एकदा नोंद झाली की माणसाने तिला धरून वागावं, निदान रविवारी सकाळी तरी, असं माझ्या लक्षात आलं.

त्याचं असं झालं. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि त्या वर्षात बाबा एकंदर 'बरं' एवढंच बोलले होते. जेवायला वाढू का, बरं. दिवा मालवू का, बरं. एकदा मी मुद्दाम विचारलं, "बाबा, घराला आग लावू का?" तेव्हाही ते 'बरं'च म्हणाले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि सांगितलं, "औषध नाही. हाताला काहीतरी काम द्या." बाबांनी जन्मभर चष्म्याच्या दुकानात चष्मे बसवले. दुकान सुटलं, मागोमाग आई गेली, आणि त्यांचे हात दोन पाळीव प्राण्यांसारखे मांडीवर नुसते पडून राहायला लागले. म्हणून मी सभागृहात चौकशीला गेलो आणि बाबांना सोबत नेलं. ते बरं म्हणाले.

"प्रौढांसाठी दोरीच्या गाठी आहेत," कारकून म्हणाला. "पण तो वर्ग भरलाय."

बाबांची तेव्हाची एकूण अवस्था बघता तो वर्ग भरल्याचं ऐकून मला हायसंच वाटलं.

"मग हातबाहुल्या आहेत. पण ते कुटुंबासाठी आहे. कमीत कमी एक पालक आणि एक मूल. मूल बाराच्या आतलं. मूल आणलंय?"

"हो."

"कुठंय?"

"मीच."

कारकुनाने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग बाबांकडे बोट केलं. "हे कोण तुमचे?"

"वडील."

"म्हणजे तुम्ही यांचं मूल."

"जन्मापासून."

तो विचारात पडला. तो दुष्ट माणूस नव्हता. "हे बघा," तो म्हणाला, "मला त्या चौकोनात बाराच्या आतला आकडा लागतो. आकडा असला की माझं काम झालं. दाढीला चौकोनच नाहीये." मग त्याने अकरा लिहिलं. "दहा लिहिणार होतो, पण तुमची उंची बघता कुणाला खरं वाटलं नसतं."

याचे परिणाम पुढच्या रविवारपासून दिसू लागले. मला सशाचं चित्र असलेला एप्रन मिळाला, जो माझ्या छातीवर मोठ्या बिल्ल्यासारखा दिसत होता. बसायला गुडघ्याएवढी खुर्ची मिळाली. कात्री मिळाली ती गोल टोकांची, जिने लोणीसुद्धा कापलं गेलं नसतं. मधल्या सुट्टीत पालकांना चहा आणि मुलांना दूध असायचं. मी दूध प्यायलो. माझ्या टेबलावर एक खराखुरा अकरा वर्षांचा मुलगा होता. त्याने मला विचारलं, "तू कितवीत?" मी म्हणालो, "कर्जवसुली विभागात." तो म्हणाला, "आमच्या शाळेत नाहीये ते."

शिकवणाऱ्या बाई ठेंगण्या, घोगऱ्या आवाजाच्या, आणि केसांत वाळलेल्या खळीचे पांढरे ठिपके असलेल्या होत्या. बाहुलीचं डोकं कसं करायचं ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आधी ओल्या मातीचं डोकं घडवायचं. त्याला तेल लावायचं. मग खळीत बुडवलेले कागदाचे तुकडे चिकटवायचे, एक थर पांढऱ्या कागदाचा, एक वर्तमानपत्राचा, असे सात, म्हणजे कुठला थर कुठे राहिला ते कळतं. वाळलं की ब्लेडने डोक्याचे दोन भाग करायचे, पुढचा आणि मागचा. आतली माती खरवडून काढायची, दोन्ही भाग पुन्हा जोडायचे आणि रंगवायचं. डोकं पोकळ होतं, हलकं होतं आणि बोटावर नाचतं.

"बाहुलीच्या डोक्यात काही नसावं लागतं," बाई म्हणाल्या. "माणसाचं कसं असतं ते ज्याचं त्याने बघावं."

सगळ्यांनी राजा, राक्षस, वाघ वगैरे करायला घेतलं. मी सिंह केला. बाईंनी तो हातात घेऊन बराच वेळ फिरवला आणि म्हणाल्या, "बटाटा छान झालाय. डोळे नको काढूस त्याला." बाबा काहीच विचारत नव्हते. त्यांनी माणसाच्या डोक्याएवढा मातीचा गोळा पुढ्यात ओढला आणि नाकापासून सुरुवात केली. बाकीचे लोक आधी डोकं करून मग नाक लावतात. बाबांनी आधी नाक केलं आणि मग त्याच्यामागे डोकं असण्याची वाट बघत बसले.

"हे कोण?" बाईंनी विचारलं. "राजा की राक्षस?"

"घरातलं माणूस आहे," बाबा म्हणाले.

वर्षभरातलं ते त्यांचं सगळ्यात लांब वाक्य होतं. माझ्या हातून दूध सांडलं. बाईंनी मला पुसायला फडकं आणि पुन्हा असं करायचं नाही अशी ताकीद दिली.

परत येताना रस्त्यात बाबा थांबले. दुकानांच्या ओळीसमोर, लोकांच्या मधोमध, ते म्हणाले, "मला तिचं नाक आठवत नाही."

हे किती भयंकर आहे ते समजायला बाबांचा धंदा माहीत असावा लागतो. बाबा माणसांना नाकावरून ओळखतात. नावं विसरतील, पण कुणाचा चष्मा डावीकडे घसरतो, कुणाला नाकाच्या मुळाशी वळ पडतात, कुणाचा एक कान वर आहे, ते त्यांना पाठ. रस्त्यातून चालताना ते अनोळखी लोकांना मनातल्या मनात फ्रेम बसवत जायचे. आणि आईला चष्मा लागला नाही. शेवटपर्यंत तिची नजर शाबूत होती, सुईत दोरा ओवून दाखवायची आणि दुकानाचं नुकसान केल्याबद्दल माफी मागायची. त्यामुळे गावातली सगळी नाकं मोजून झाली आणि घरातलं तेवढं राहिलं.

फोटो आहेत. पण आई फोटोत कधी थांबलीच नाही. प्रत्येक फोटोत ती फोटो काढणाऱ्याला काहीतरी सांगते आहे, त्यामुळे तोंड अर्धं उघडं, हात मध्ये आणि नाक हललेलं. एकच फोटो नीट होता, तो स्टुडिओवाल्याकडे मोठा करायला दिला. त्याने तो इतक्या प्रेमाने साफ केला, की सुरकुत्या गेल्या, तीळ गेला, नाक सरळ झालं आणि फ्रेममधून एखाद्या बँकेची जाहिरात करणारी बाई परत आली. बाबांनी ती भिंतीवर लावू दिली. तिच्याशी ते नम्रपणे वागतात.

"अजून कडेकडेनं आठवतं," बाबा म्हणाले. "मधलं जातंय."

मग ते चालू लागले. मीही चालू लागलो. माझ्या अंगात एप्रन तसाच राहिला होता, हे घरी आल्यावर कळलं.

माती ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणायची परवानगी होती. बाबांनी ती बादलीत ठेवली आणि रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर घेऊन बसू लागले. इथे शेजाऱ्यांना वास लागला. आमच्या शेजारच्या काकू साखर मागायला येतात आणि साखर न घेता जातात. त्या आल्या, त्यांनी डोकं पाहिलं, डोळ्याला पदर लावला आणि लगेच कामाला लागल्या.

"भाऊ, नाक एवढं बारीक नव्हतं हो तिचं. चांगलं सरळ होतं. टोकाला जरा खाली."

"खाली?" बाबा म्हणाले.

"जरासं. रागावली की आणखी खाली यायचं."

दुसऱ्या दिवशी मावशी आली. मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण, त्यामुळे नाक हा तिचा घरचा विषय. "खाली? कोण म्हणालं खाली?" मावशीने मान वर केली आणि आपलं नाक उजेडात धरलं. "भावोजी, हे बघा. हे आमच्या घरचं नाक. वर असतं. याच्यावरून करा."

"तुमचं वेगळं आहे," काकू दारातून म्हणाल्या. त्यांना तेवढ्यात पुन्हा साखर लागली होती.

"माझं वेगळं? आम्ही एका ताटात जेवलोय."

"जेवला असाल. पण तिचं नाक साधं होतं. तुमचं जरा… आहे."

"जरा काय आहे?"

इथून पुढे दोघींनी एकमेकींशी बोलणं टाकलं आणि मातीशी सुरू केलं. बाबा आंघोळीला गेले की काकू येऊन अंगठ्याने नाकाचं टोक खाली दाबायच्या. दुपारी बाबांचा डोळा लागला की मावशी ते चिमटीत धरून वर करायची. दोघींचा हेतू चांगला होता, दोघी रडत होत्या, आणि दोघींचे अंगठे जाड होते. आठवड्याच्या शेवटी त्या नाकाला आडवी घडी पडली. टाकीच्या पाण्याबद्दल बोलायला आलेले आमच्या इमारतीचे सेक्रेटरी ते बघून म्हणाले, "पडल्या होत्या का कुठे?"

मला वाटलं, बाबा चिडतील. मी वाटच बघत होतो. चिडले असते तर डॉक्टरांना फोन करून आनंदाची बातमी दिली असती. बाबांनी तळहात ठेवून ते सगळं सावकाश दाबलं. डोळे, कपाळ, वादग्रस्त नाक, सगळ्याचा पुन्हा गोळा झाला. गोळा घेऊन ते आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

मी फटीतून पाहिलं. बघू नये हे मला कळत होतं, पण अकरा वर्षांच्या मुलाकडून किती अपेक्षा करणार. बाबा पलंगावर बसले होते. समोर रिकामी खुर्ची होती. त्यांनी दोन्ही हात वर उचलले होते, दुकानात गिऱ्हाइकाला चष्मा चढवताना धरायचे तसे, आणि हवेत कुणाच्या तरी कानामागे बोटं फिरवत होते. मग चिमटीने काहीतरी वाकवल्यासारखं केलं, मान तिरकी करून पाहिलं, पुन्हा वाकवलं. "टोचतं?" त्यांनी खुर्चीला विचारलं. थोडं थांबून ऐकून घेतलं. मग डोळे मिटून हात खाली आणले आणि मातीला लावले.

पुढे त्यांनी मला सांगितलं. आईने एकदा उन्हाळ्यात गॉगल घेतला होता. कानाला टोचतो म्हणाली म्हणून त्यांनी दांडी वाकवून दिली, नाकावर दोन-तीनदा बसवून पाहिला. दुकानात आलेलं गिऱ्हाईक ताटकळत होतं म्हणून घाईत. तेवढंच. पण हातांनी ते ठेवून दिलं होतं.

ते बाहेर आले तेव्हा डोक्यावर पांढऱ्या कागदाचा पहिला थर चढलेला होता.

"झाली," बाबा म्हणाले.

"बघू?"

"झाकली. पुन्हा कुणी हात लावला असता."

म्हणजे माझी आई एका संध्याकाळपुरती आतल्या खोलीत होती, आणि मी बाहेर काकूंना साखर देत होतो. त्या दिवशी त्यांनी खरंच नेली.

यापुढे जे झालं त्याला बाबा जबाबदार नाहीत. कागद जबाबदार आहे. सात थर म्हणजे सात रजया. तिसऱ्या थराला भुवया गेल्या. पाचव्याला हनुवटी दुहेरी झाली. सातव्या थरानंतर, वाळवून टेबलावर ठेवलं तेव्हा, नाक फुगून पसरलं होतं, गाल वर आले होते, आणि समोर आमच्या इमारतीचे सेक्रेटरी बसले होते. नुसतं साम्य नव्हतं. टाकीच्या पाण्याबद्दल आता काहीतरी बोलतील असा चेहरा होता.

मी काही बोललो नाही. पण इमारत बोलली. वरच्या मजल्यावरची मुलं येऊन बघून गेली. काकू म्हणाल्या, "अगबाई, हे इकडे कसे," आणि सवयीने पदर सावरला. शेवटी स्वतः सेक्रेटरी आले. बराच वेळ डोक्यासमोर उभे राहिले.

"मी एवढं काय केलं हो तुमच्यासाठी," ते बाबांना म्हणाले. "एक गळती तर थांबवली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"तीन निवडणुका लढवल्या या इमारतीत. कुणी साधं धन्यवाद म्हणालं नाही." त्यांनी रुमाल काढला. "फक्त, राग येणार नसेल तर, चष्मा लावाल का त्याला? म्हणजे अगदीच मी."

संध्याकाळी ते पत्नीला घेऊन आले. त्या माउलींनी डोकं नीट निरखलं आणि हळूच म्हणाल्या, "घरात सुद्धा इतकं जवळून कुणी बघितलं नाही यांच्याकडे." यानंतर खरं सांगणं कुणाच्याच हातात राहिलं नाही. शेवटच्या रविवारी बाहुल्यांचा खेळ होणार होता. सेक्रेटरींनी पुढच्या रांगेतल्या खुर्च्या धरून ठेवायला सांगितल्या.

पुढच्या रविवारी कापायचा दिवस होता. बाईंनी पालकांना ब्लेडं वाटली. आजूबाजूला वाघांची, राजांची डोकी चर्रचर्र कापली जात होती, माती भदाभद टोपल्यात पडत होती. बाबांनी ब्लेड घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

"कापायचं नाही," ते म्हणाले.

"काका, माती काढायला लागेल," बाई म्हणाल्या. "ओली माती आत राहिली तर कागद कुजेल."

"माती निघताना तशीच निघते का? चेहऱ्यासकट?"

बाईंनी टोपल्यातल्या मातीकडे पाहिलं. "नाही. ती तुकड्यांतच निघते."

"मग नको."

बाईंनी समजावलं, मी समजावलं, खऱ्या अकरा वर्षांच्या मुलाने समजावलं. मी म्हणालो, मी कापतो. लगेच कारकून कुठूनतरी उगवला आणि म्हणाला, मुलांच्या हातात ब्लेड द्यायचं नाही असा नियम आहे, आणि माझ्या खांद्यावर वडिलकीने हात ठेवला. बाबांनी डोकं उचललं, छातीशी धरलं आणि घरी निघाले. ते चांगलं कलिंगडाएवढं जड होतं. जिना चढताना दोनदा टेकले, पण माझ्याकडे दिलं नाही.

मग सल्ले आले. काकू म्हणाल्या, केस वाळवायच्या यंत्राने वाळवा. वाळवलं. आतल्या खोलीत भाजलेल्या मातीचा वास सुटला आणि फ्यूज उडाला. मावशी म्हणाली, पाण्यात पडलेला फोन तांदळात ठेवतात, सगळं शोषून घेतो. बाबांनी डोकं तांदळाच्या डब्यात पुरलं. त्या आठवड्यात मी रोज सकाळी डब्याचं झाकण उघडायचो, सेक्रेटरींच्या कानाशेजारून दोन वाट्या तांदूळ काढायचो आणि झाकण लावायचो. माणसाला कशाचीही सवय होते. एकदा खुद्द सेक्रेटरी चहाला बसलेले असताना मला हे करावं लागलं. ते म्हणाले, "कुठं ठेवलंय मला?" मी म्हणालो, "जपून."

हनुवटीला हिरवी बुरशी आली. बाबा ती रोज कापसाने पुसायचे. मग डाव्या गालावर एक चीर दिसली. दुसऱ्या दिवशी ती डोळ्यापर्यंत गेली. बाबा डब्यासमोर स्टूल टाकून बसून राहिले. तांदूळ निवडत असल्यासारखे दिसत होते. जेवायला हाक मारली तर बरं म्हणाले, आणि ते पूर्वीचं बरं होतं. मला भीती वाटली. बुरशीची नाही.

"आत कुजतेय ती," बाबा म्हणाले. "कापली तरी जाणार, ठेवली तरी जाणार."

मला काही सुचलं नाही. सुचत नाही तेव्हा मी विनोद करतो, पण त्या दिवशी तोही आला नाही. मी म्हणालो, "बाईंकडे जाऊ."

सभागृहात बाई एकट्याच होत्या, पडदा शिवत होत्या. त्यांनी चीर पाहिली, टेबल पुसलं आणि खिडकीपाशी ओढलं. पेन्सिल घेऊन त्यांनी डोक्यावर रेघ आखली, एका कानामागून टाळूवरून दुसऱ्या कानामागे.

"इथून कापलं की चेहऱ्याला लागत नाही," त्या म्हणाल्या. "मी करू?"

"नाही," बाबा म्हणाले.

त्यांनी एक हात कपाळावर ठेवला. ब्लेड लावताना ते अगदी हळू बोलत होते. "झालं. झालं हं. एवढंच." लहान मुलाला इंजेक्शन देताना बोलतात तसं. कागद जाड होता, वेळ लागला. मी समोरच्या छोट्या खुर्चीवर बसलो होतो आणि माझे गुडघे माझ्या हनुवटीला लागत होते.

मागचा भाग सुटला. आत राखाडी, चिकट माती होती, वास मारणारी. बाईंनी चमचा पुढे केला. बाबांनी चमच्याने काढायला सुरुवात केली आणि माती, बाई म्हणाल्या होत्या तशीच, तुकड्यातुकड्यांनी आली. एका तुकड्यावर ओठाचा कोपरा होता. एकावर पापणी असावी. बाबा प्रत्येक तुकडा उलटून बघत होते आणि टोपल्यात न टाकता टेबलावर मांडत होते, जसं काही पुन्हा जुळवता येणार होतं. शेवटी आत काही उरलं नाही. त्यांनी फडक्याने कवच आतून पुसलं, आणि पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

सात थरांनी जे काही बिघडवलं होतं ते बाहेरून. पहिला थर थेट मातीवर बसला होता. आतून पाहिलं तर तो पांढरा कागद जसाच्या तसा होता, प्रत्येक रेघ, प्रत्येक खळगा, फक्त उलटा. जिथे नाक बाहेर असायचं तिथे ते आत गेलेलं. बाबांनी कवच खिडकीच्या उजेडात उभं केलं, आतली बाजू आपल्याकडे करून, आणि दोन पावलं मागे सरले.

ते मला सांगता येईल असं वाटत नाही, पण सांगतो. लांबून पाहिलं की खळगा खळगा राहत नाही. चेहरा बाहेर येतो. आणि तुम्ही डावीकडे सरकलात की तो तुमच्याबरोबर डावीकडे वळतो, उजवीकडे गेलात की उजवीकडे. बाई म्हणाल्या, पोकळ साच्यात असं होतं, डोळ्याला फसवतं ते. बाबांनी ऐकलं नाही. ते डावीकडे गेले. उजवीकडे गेले. पुन्हा डावीकडे गेले. रिकाम्या सभागृहात माझे वडील चष्मा काढून, घालून, एका अर्ध्या बाहुलीसमोर येरझारा घालत होते, आणि ती त्यांच्यावरून नजर काढत नव्हती.

"अगं," बाबा म्हणाले.

बाईंनी बऱ्याच वेळाने विचारलं, "काका, जोडायचं ना? रविवारी खेळ आहे."

"जोडलं तर आतलं दिसणार नाही."

"नाही दिसणार."

"मग नाही जोडायचं."

त्यामुळे आमच्या कुटुंबातर्फे खेळात फक्त माझा सिंह उतरला. त्याला डोंगराचं काम दिलं होतं. त्याने ते चोख केलं. पुढच्या रांगेत सेक्रेटरी पत्नीसह, नव्या कपड्यांत, शेवटपर्यंत स्वतःची वाट बघत बसले. त्यांचं तोंड इतकं उतरलं की बाबांनाच राहवलं नाही. त्यांनी घरून मागचा अर्धा भाग आणवला आणि सन्मानपूर्वक त्यांच्या हाती दिला. टाळूचा भाग आहे तो, नुसता गुळगुळीत. सेक्रेटरींनी आरशाकडे पाठ करून, डोक्याशेजारी धरून पाहिला आणि म्हणाले, हुबेहूब. तो आता इमारतीच्या कार्यालयात काचेच्या कपाटात आहे.

पुढचा भाग आमच्या जेवणाच्या टेबलासमोर, कपाटावर आहे. आतली बाजू खोलीकडे. काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातच थबकल्या, एक पाऊल डावीकडे टाकलं, आणि कपाटाकडे बघत म्हणाल्या, "मी तुझ्या नाकाला हात लावला होता गं. चुकलंच माझं." मावशी आली, दोन्ही बाजूंनी जाऊन तपासून आली, "आमच्याच घरचं आहे," म्हणाली, आणि मग खाली बसली ती बराच वेळ उठली नाही.

मला ती आई वाटते का, हे अजून कुणी विचारलेलं नाही. कुणी विचारू नये. मी खोलीतून चाललो की ती माझ्याकडेही वळते, एवढं मी नक्की सांगू शकतो. मधलं नाक कसं होतं, ते आठवायला मी कधी कधी भिंतीवरच्या बँकेच्या बाईकडे बघतो, कधी कपाटाकडे, कधी मावशीकडे. माझे हात कर्जवसुली विभागात आहेत. त्यांनी काही ठेवून दिलेलं नाही.

परवा दुपारी बाबा वर्तमानपत्र वाचत होते आणि मी उठलो. कपाटावरचा चेहरा माझ्याबरोबर वळला. बाबांनी पेपरातून मान वर केली नाही.

"विचारतेय, कुठे निघालास."

"पाणी प्यायला," मी म्हणालो.

बाबांनी कपाटाकडे पाहिलं. थोडा वेळ थांबले, कुणाचं तरी बोलणं पुरं होऊ द्यावं तसे.

"ग्लास विसळून ठेव म्हणतेय."

मी पाणी प्यायलो. ग्लास विसळला, आणि उपडा ठेवला.